आधार देणाऱ्यासही आधार

शिक्षक बंधुभगिनींनो,

मनोविकारतज्ज्ञ मोजके, खेडी मात्र असंख्य. म्हणून १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमानंतर बेंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर व आरोग्यसेवक यांनाच या कामाचे शिक्षण दिले. मात्र तेवढ्यावर न थांबता, त्यांच्या अडचणी सोडविण्यास तज्ज्ञांचे पथकही पाठीशी ठेवले. याच नमुन्यावर १९९६ साली देशात जिल्हा कार्यक्रम सुरू झाला.

प्रशिक्षणवर्गाहून परतलेला शिक्षक एकटा पडला, की शिकलेले मागे पडते, हे आपण जाणताच. शिवाय इतरांचे दुःख नित्य ऐकणाऱ्याचे मनही थकते. तेव्हा एखाद्या मुलासाठी आरोग्यसेविकेकडे जाल, तेव्हा तिचीही आस्थेने विचारपूस करावी. २०२२ पासून १४४१६ या दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो. तो तिच्यासाठीही आहे, आणि आपल्यासाठीही.