पहिल्या सुट्टीच्या आधी

परिषदेच्या अध्यक्षाने व्यसनमुक्ती क्षेत्राचा वर्षभराचा आढावा घ्यावा, असा संकेत आहे. तो आढावा स्मरणिकेत सविस्तर छापलेला आहे. या व्यासपीठावरून आज एकच तक्रार मांडायची आहे, आणि ती फार वर्षे साचली आहे. लष्करी प्रशिक्षणातल्या पोरांपर्यंत मानसोपचारतज्ज्ञ पोहोचतो, तो काहीतरी विपरीत घडून गेल्यावर!

अमेरिकेच्या हवाई दलाचेच उदाहरण घ्या. टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोजवळच्या लॅकलँड तळावर भरती झालेली मुले-मुली साडेसात आठवडे मूलभूत प्रशिक्षण घेतात. त्या काळात दारू नाही, तंबाखू नाही. पुढे तांत्रिक प्रशिक्षणात टप्प्याटप्प्याने मोकळीक मिळते. हातात पगार, शनिवारची रात्र, नवे सोबती आणि घरचे कोणी जवळ नाही. १९८४ च्या कायद्यानंतर तिथे दारू विकत घेण्याचे वय २१ झाले. भरती होणारी कितीतरी मुले त्याहून लहान असतात. म्हणजे ती प्यायली की चोरून पिणार, आणि चोरून पिणारा घाईघाईने पितो.

या टप्प्यावर रॉबर्ट क्लेसगेस, वेन टॅल्कॉट या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कार्यक्रम राबवला. प्रशिक्षणार्थींशी गटात थोडा वेळ, पण मोकळेपणाने बोलायचे, आणि जोडीला अचानक श्वासचाचणी. दारूपायी घडणारे गैरप्रकार लक्षणीय घटले, असे त्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले.

यावर आपले काही सहकारी म्हणतात, हे सगळे श्वासचाचणीच्या धाकाचे यश. बोलण्याने काय होणार?

प्रस्तुत वक्त्याच्या दवाखान्यात एक नवा जवान वडिलांबरोबर आला होता. प्रशिक्षण संपवून सुट्टीवर आलेला, आणि येताच प्यायला बसलेला. “डॉक्टर, बॅरेकमध्ये सगळेच घेतात,” त्याने सांगून टाकले. मग एकेक खाट विचारली. पहिल्या खाटेवरचा? “तो माळकरी, शिवतसुद्धा नाही.” शेजारचा? “त्याला क्रॉसकंट्रीत पदक मारायचंय, तो घेत नाही.” पलीकडचा? “कधीतरी, थोडी.” रांग संपेपर्यंत पोरगा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “म्हणजे जास्त मीच घेतो?”

त्या खोलीत धाक दाखवणारे कुणी नव्हते. पर्किन्स आणि बर्कोविट्झ या संशोधकांनी १९८६ मध्ये अमेरिकी विद्यार्थ्यांत हेच दाखवले होते: इतर जण किती पितात याचा अंदाज तरुण बहुधा वाढवून करतात, आणि त्या फुगलेल्या आकड्याशी स्वतःला जुळवून घेतात. हा गैरसमज म्हणजे पहिला अडसर. भिंतीवरच्या फलकाने तो जात नाही. त्यासाठी त्या पोराला स्वतः मोजू द्यावे लागते.

दुसरा अडसर भीतीचा. मदत मागितली तर वरिष्ठांना कळेल, बढती अडेल. अमेरिकी भूदलाने २०१९ मध्ये नियम बदलला आणि दारूच्या त्रासासाठी आपणहून, वेळेत येणाऱ्या सैनिकाला वरिष्ठांकडे नोंद न होता उपचार घेण्याची वाट मोकळी केली. इतक्या शिस्तीच्या संस्थेला हे जमते, तर गोपनीयतेने शिस्त बिघडते हा युक्तिवाद आता तरी थांबावा.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, देवळालीला तोफखान्याचे शिक्षण आहे, आणि साताऱ्यातले एक गाव तर नावातच ‘मिलिटरी’ लावते: अपशिंगे. सुट्टीवर आलेल्या जवानाच्या पिशवीतल्या कँटीनच्या बाटलीचे गावात कौतुक होते. ती पहिल्यांदा उघडण्याआधी त्याच्याशी कोण बोलले, हे कुणी विचारत नाही.

परिषदेने या वर्षात मराठी आणि हिंदीत एक छोटी संवादपुस्तिका तयार करावी, माजी सैनिकांना सोबत घ्यावे. तपशील कार्यकारिणी ठरवील. मात्र ठरावात दोन गोष्टी आजच लिहून घ्याव्यात, अशी सभागृहाला कळकळीची विनंती आहे. हा संवाद पहिल्या सुट्टीच्या आधी व्हावा, आणि त्यात पोरगा जे बोलेल ते त्याच्या सेवापुस्तकात जाऊ नये.