मशीन कोणाच्या नावावर?

(शिवथर येथे बचत गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



काल कुंभे शिवथरच्या एका ताईंनी मला विचारलं, "ते कॉम्प्युटरवालं भरतकामाचं मशीन घेऊ का? घरबसल्या पैसे मिळतात म्हणे." एका शब्दात उत्तर देता येईना, म्हणून आज हिशेबच मांडते.

मशीन खोटं नाही. नक्षी पेन ड्राइव्हवरून आत घ्यायची, कापड फ्रेममध्ये ताणून बसवायचं, बटण दाबायचं; फ्रेम आपोआप सरकते, टाके पडत जातात. पण बहुतेक घरगुती मशीनला सुई एकच. ब्लाऊजच्या पाठीवरच्या मोराला 12,000 टाके धरा, मिनिटाला 400 पडतात असं धरा. अर्धा तास झाला. मोरात 6 रंग असतील तर 5 वेळा दोरा बदलायला तुम्हीच उठणार. दोरा तुटला, बॉबिन संपली, तरी तुम्हीच. 'बटण दाबा आणि भाकऱ्या थापा' हे दुकानदाराचं बोलणं! शिवाय कापडामागचा कागद, दोरे, विकतच्या नक्ष्या. एका कंपनीची नक्षी दुसरीच्या मशीनला चालेलच असं नाही: ब्रदरची फाइल पीईएस, जनोमची जेईएफ. सुरतेच्या कारखान्यांत अनेक डोक्यांची मशीनं एकाच वेळी साड्या भरतात. त्यांच्या भावाशी आपण झुंजायचं नाही. आपलं गिऱ्हाईक म्हणजे लग्नाचा ब्लाऊज, शाळेचा बिल्ला, बाळाचं नाव घातलेलं दुपटं.

आणि आपला पाऊस! वीज गेली तरी पायमशीन चालतं, हे थांबतं. 22 जुलै 2021 ला महाड पाण्यात होतं, ते तुम्ही पाहिलंत. भिजलेलं पायमशीन पुसून, तेल घालून पुन्हा चालवता येतं. इलेक्ट्रॉनिक बोर्डात चिखल गेला तर सगळा खर्च त्या बोर्डाचाच. म्हणून माळ्यावर जागा आहे का, हे आधी बघा.

आता कर्जाचं. 2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे. अवजारांसाठी 15,000 रुपये, पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत, व्याज 5 टक्के. पण एका कुटुंबातून नोंद एकाचीच. शिवणारी बाई आणि नोंद नवऱ्याची, असं झालं की तुमची वाट बंद. त्यावरून घरात भांडण होईल. होऊ दे. पावती, वॉरंटीचं कार्ड, बँकेचं खातं, तिन्हींवर तुमचंच नाव पाहिजे.

घरात बसून केलेलं काम हे कामच, हे जगानं 1996 साली जिनिव्हात मान्य केलं. घरकामगारांचा 177 क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार तो हाच. भारताने त्याला अजून मंजुरी दिलेली नाही. तोवर नगाचा दर आपणच ठरवायचा, आणि त्यात मशीनची झीज, वीज आणि आपले तास धरायचे.

त्या ताईंना माझं म्हणणं इतकंच: एकटीनं घेऊ नका. चौघी मिळून घ्या, आणि आधी तालुक्याला जाऊन कोणाकडे दुरुस्ती होते ते विचारून या. जेवणानंतर वह्या काढा, दर लिहून घेऊ.