आपला माणूस तुरुंगात गेला तर…

(गणेशोत्सवातल्या शनिवारी दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. थोडी काटछाट केली आहे, बाकी बोललो तसाच ठेवला आहे.)



कार्यकारिणीने मला "बिटकॉइनवर वीस मिनिटं बोल" असं सांगितलं, तेव्हा आमच्या घरात हशा पिकला. बायको म्हणाली, "आधी त्या अर्ध्या बिटकॉइनची गोष्ट सांग, मग बाकीचं ज्ञान दे." म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

२०१४ साली मी सत्तावीस वर्षांचा होतो. पुण्यातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, मग इथे एमएस आणि मग न्यू जर्सीत कन्सल्टिंग, म्हणजे या हॉलमधल्या निम्म्या लोकांचा असतो तोच मार्ग. शनिवारी आम्ही चार-पाच मित्र ट्रेन पकडून मॅनहॅटनला जायचो. तिथे बिटकॉइनवाले जमायचे. गुंतवणूकवाले कमी, आमच्यासारखे प्रोग्रॅमरच जास्त. बँकेशिवाय पैसा चालवता येतो, हिशोबाची वही एकाच्या ताब्यात न राहता सगळ्यांकडे तिची प्रत असते, ही कल्पनाच आम्हाला इतकी आवडली होती की भाव काय चाललाय याकडे लक्ष नसायचं. (ते असतं तर मी आज तुमच्यासमोर नसतो, स्वतःच्या बोटीवर असतो.)

त्या उन्हाळ्यात रॉस उलब्रिक्टच्या कोर्टखर्चासाठी वर्गणी गोळा होत होती. मी अर्धा बिटकॉइन दिला. तेव्हाचे साधारण तीनशे डॉलर. आजचा भाव कोणी काढू नका, आमच्याकडे तो महिन्यातून एकदा काढला जातो. ते पैसे गेल्याचं मला खरंच दुःख नाही. पण मी ते कशासाठी दिले होते, या प्रश्नाने मात्र मला पुढची दहा वर्षं सोडलं नाही.

उलब्रिक्टकडे येतो, पण त्याआधी दुसऱ्या एका माणसाबद्दल सांगायला हवं, कारण हा प्रश्न खरा सुरू झाला त्याच्यामुळे. चार्ली श्रेम. ब्रुकलिनमधल्या सीरियन ज्यू समाजात वाढलेला मुलगा. २०११ मध्ये, कॉलेजवयातच, त्याने एका जोडीदाराबरोबर बिटइन्स्टंट नावाची कंपनी काढली. तेव्हा बिटकॉइन घ्यायचा म्हणजे बँकेतून पैसे पाठवून दिवसच्या दिवस वाट बघायची. याच्या कंपनीमुळे कोपऱ्यावरच्या दुकानात रोख भरली की काम लवकर व्हायचं. विंकलव्हॉस बंधूंनी त्यात पैसे घातले. २०१२ मध्ये बिटकॉइन फाउंडेशन स्थापन झालं, त्याचा हा उपाध्यक्ष झाला. बोलका, हसरा, सगळ्यांना वेळ देणारा. आमच्यासारख्या नवशिक्यांना वाटायचं, हा आपला माणूस.

जानेवारी २०१४ मध्ये त्याला केनेडी विमानतळावर अटक झाली. वय चोवीस. न्यूयॉर्कचे फेडरल वकील तेव्हा प्रीत भरारा होते, आणि गंमत म्हणजे आमच्या घरी टीव्हीवर त्यांचं नाव आलं की आई फोनवर कौतुकाने विचारायची, "आपल्याकडचे ना ते?" आईला भरारांचा अभिमान आणि मुलाचा जीव श्रेमसाठी तुटतोय, अशी परिस्थिती.

आरोप काय होता? सिल्क रोड नावाच्या चोरट्या ऑनलाइन बाजारात मुख्यतः मादक पदार्थ विकले जात आणि तिथे फक्त बिटकॉइन चालत. फ्लोरिडातला रॉबर्ट फायेला 'बीटीसीकिंग' या नावाने तिथल्या गिऱ्हाइकांना बिटकॉइन विकायचा, आणि ते आणायचा बिटइन्स्टंटमधून. जवळजवळ दहा लाख डॉलरचा व्यवहार. आता कोणी म्हणेल, दुकानदाराने गिऱ्हाईक पुढे काय करतं ते का बघावं? पण श्रेम नुसता दुकानदार नव्हता. कंपनीत कायद्याचं पालन होतंय की नाही हे बघण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच होती. म्हणजे वॉचमनही तोच आणि किल्लीही त्याच्याकडेच. फायेला काय करतोय हे त्याला माहीत होतं, तरी त्याने त्याला वाट करून दिली. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याने विनापरवाना पैसे फिरवण्याच्या धंद्याला मदत केल्याचा गुन्हा कबूल केला, आणि आपण करतोय ते चूक आहे हे आपल्याला कळत होतं, असं कोर्टात सांगितलं. डिसेंबरमध्ये न्यायाधीश जेड रेकॉफ यांनी दोन वर्षांची शिक्षा दिली. शिवाय साडेनऊ लाख डॉलर जप्त.

शनिवारच्या आमच्या घोळक्यात यावरून कडाक्याची भांडणं झाली. एक पक्ष म्हणायचा, "एचएसबीसीने मेक्सिकोच्या ड्रग टोळ्यांचे पैसे फिरवले, २०१२ मध्ये १.९ अब्ज डॉलर भरून सुटली, एकही अधिकारी आत गेला नाही. आणि या पोराला तुरुंग?" हे खोटं नव्हतं, आजही नाही. दुसरा पक्ष म्हणायचा, "याच्यामुळे आपण सगळे चोर ठरलो. झटका याला." श्रेमने अटकेनंतर दोन दिवसांत फाउंडेशनचा राजीनामा दिला, म्हणजे झटकायचं काम त्यानेच सोपं केलं.

मी पहिल्या पक्षात होतो. मोठ्याने बोलायचो. तेव्हा एच-वन व्हिसावर होतो, त्यामुळे बोलायचो मोठ्याने, पण कुठल्या पत्रकावर सही करायची वेळ आली की मला ट्रेनची वेळ आठवायची. हेही सांगून टाकतो.

एक गोष्ट मात्र आमच्या दोन्ही पक्षांपैकी कोणाच्याच डोक्यात आली नाही. ती मला फार उशिरा सुचली. त्या खटल्यात दोघं होते. फायेलाला चार वर्षं झाली, श्रेमच्या दुप्पट. त्याच्यासाठी आमच्यात कोणी वर्गणी काढलेली मी ऐकली नाही. कोणी "फायेलाला न्याय द्या" म्हणालं नाही. का? तर तो पन्नाशी ओलांडलेला, फ्लोरिडातल्या घरातून धंदा करणारा, कधी व्यासपीठावर न आलेला माणूस. आम्ही म्हणत होतो की आम्ही तत्त्वासाठी भांडतोय. प्रत्यक्षात आम्ही आवडत्या माणसासाठी भांडत होतो. आवडत्या माणसासाठी भांडू नये असं माझं म्हणणं नाही, पण मग त्याला तत्त्व म्हणू नये.

आता उलब्रिक्ट. सिल्क रोड चालवणारा तो. ऑक्टोबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक वाचनालयात, लॅपटॉप उघडा असताना पकडला गेला. फेब्रुवारी २०१५ मध्ये ज्यूरीने सगळ्या आरोपांवर दोषी ठरवलं, आणि मे महिन्यात शिक्षा झाली ती दोन जन्मठेपा आणि वर चाळीस वर्षं, पॅरोल नाही. वय एकतीस. पहिलाच गुन्हा.

ही शिक्षा ऐकून मला धक्का बसला होता, आणि आजही मी म्हणेन की ती फार होती. त्याच्या तपासात असलेले दोन सरकारी अधिकारी, एक अमली पदार्थविरोधी खात्याचा आणि एक सीक्रेट सर्व्हिसचा, स्वतःच बिटकॉइन चोरत होते. दोघेही पुढे तुरुंगात गेले. पण खटला चालू असताना ज्यूरीला यातलं काही कळलंच नाही. त्याने माणसं मारायची सुपारी दिली असाही आरोप होता. खून एकही झाल्याचं दिसलं नाही, त्यावर वेगळा खटला चालला नाही, २०१८ मध्ये तो आरोप मागेही घेतला गेला. तरी शिक्षा ठरवताना न्यायाधीशांनी तो धरला. अशा वेळी अपिलासाठी वर्गणी देणं हे मला तेव्हाही योग्य वाटलं, आताही वाटतं. वकील मिळणं हा गुन्हेगाराचासुद्धा हक्क आहे, आणि या देशात वकील किती महाग असतो हे ज्यांनी ग्रीन कार्ड केलंय त्यांना मी सांगायला नको.

पण त्याच शिक्षेच्या सुनावणीत दोन पालक बोलले होते. एका बापाचा पंचवीस वर्षांचा मुलगा बोस्टनमध्ये गेला. एका आईचा सोळा वर्षांचा मुलगा ऑस्ट्रेलियात पर्थला. सिल्क रोडवरून आलेल्या मालाशी जोडलेले सहा मृत्यू कोर्टापुढे आले होते. ती बातमी मी तेव्हा वाचली होती. वाचली आणि पुढच्या पानावर गेलो. गेल्या वर्षी माझी मुलगी दहा वर्षांची झाली, तिला फोन घेऊन द्यायचा की नाही यावर घरात चर्चा चालू होती, तेव्हा ती बातमी शोधून पुन्हा वाचली. सोळा वर्षांचा मुलगा. पोस्टातून आलेलं पाकीट.

जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी उलब्रिक्टला संपूर्ण माफी दिली. शिक्षा कमी करणं वेगळं आणि माफी वेगळी. शिक्षा कमी केली असती तर "अकरा वर्षं पुरे झाली" असा अर्थ झाला असता, आणि मी पेढे वाटले असते. त्याच वर्षी मे महिन्यात लास वेगासच्या बिटकॉइन परिषदेत त्याचं भाषण झालं. टाळ्यांचा कडकडाट. मी व्हिडिओ पाहिला. त्याच्या आईने इतकी वर्षं दारोदार फिरून पाच लाखांहून जास्त सह्या जमवल्या होत्या. तिच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण त्या टाळ्या ऐकताना मला पर्थची ती बाई आठवत राहिली, आणि मी लॅपटॉप बंद केला.

तर माझं मत विचाराल, तर ते असं सरळ एका ओळीत बसत नाही. माणूस आत गेला की त्याला पत्र लिहावं, त्याच्या घरच्यांकडे जावं, वकिलाचा खर्च जमवावा, शिक्षा जास्त वाटली तर जाहीरपणे तसं म्हणावं. श्रेम २०१६ मध्ये बाहेर आला, बिटकॉइनवाल्यांनी त्याला पुन्हा जवळ केलं, कामं दिली. चांगलं केलं. भोगून आलेल्या माणसाला परत काम मिळू नये असं मी म्हणणार नाही. पण त्याला पुन्हा त्याच किल्ल्या द्यायच्या का, आणि त्याने केलेलं काम धाडसाचं होतं असं आपल्या पोरांना सांगायचं का, तर नाही. आमच्या लोकांची गडबड अशी झाली की कोणी दोन्ही दिलं आणि कोणी दोन्ही नाकारलं. पत्र लिहिणारे हारही घालायला निघाले, आणि हार नको म्हणणाऱ्यांनी पत्रसुद्धा लिहिलं नाही.

आता एक घरचं सांगतो. ज्यांच्याबद्दल आहे त्यांना विचारून सांगतोय, आणि नाव घेणार नाही.

आपल्या मंडळातल्या एका जुन्या काकांना काही वर्षांपूर्वी धंद्याच्या टॅक्सच्या प्रकरणात चौदा महिन्यांची शिक्षा झाली. गुन्हा त्यांनी कबूल केला होता. याच गणपतीचं मखर त्यांनी कित्येक वर्षं आपल्या व्हॅनमधून आणलं होतं. मी तेव्हा कार्यकारिणीत होतो, मंडळाची वेबसाइट आणि ई-मेलची यादी माझ्याकडे होती. ते खजिनदार राहू नयेत हे सगळ्यांनाच मान्य होतं, त्यांनाही. पण कुठल्याशा बैठकीनंतर असं ठरलं की "सध्या जरा यादीतून नाव काढू या." कोणी सुचवलं आठवत नाही. डिलीटचं बटण मी दाबलं. दोन नावं होती, त्यांचं आणि काकूंचं. काकूंनी काय केलं होतं? दर वर्षी दोनशे माणसांचे मोदक.

उलब्रिक्टला, ज्याला मी कधी भेटलो नाही, त्याला मी अर्धा बिटकॉइन दिला. आणि पंधरा मिनिटांवर राहणाऱ्या काकूंकडे चौदा महिन्यांत एकदाही गेलो नाही.

हे भाषण लिहायला बसलो तेव्हा मी काकांना फोन केला. काकूंनी उचलला. मी कसंबसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे, ई-मेल यायचे बंद झाले तेव्हा आम्हाला वाटलं तुमचं कॉम्प्युटरचं काहीतरी बिघडलं." त्यांना खरंच तसं वाटलं होतं की मला सोडवण्यासाठी म्हणाल्या, ते मी विचारलं नाही. मग काका फोनवर आले. दहा मिनिटं त्यांनी मला मखराच्या लाकडी घड्या कशा बसवायच्या ते सांगितलं, कारण गेल्या वर्षी ते तिरकं बसलं होतं असं त्यांनी फोटोत पाहिलं होतं. फोटो कोणी पाठवला देव जाणे. म्हणजे आपल्यातल्या कोणीतरी संबंध ठेवला होता.

दोन्ही नावं यादीत परत घातली आहेत. या वर्षीचं मखर सरळ आहे, बघून घ्या. काका आज आलेले नाहीत, "पुढच्या वर्षी बघू" म्हणालेत.

माझी वीस मिनिटं झाली, चहा आलेला दिसतोय. प्रश्न असतील तर जरूर विचारा, फक्त आता बिटकॉइन घ्यावा का, हे मला विचारू नका. ते माझ्या बायकोला विचारा.