फोर बाय फोर की ऑल व्हील ड्राइव्ह? आईने विचारलेला प्रश्न

पावसाळा जवळ आला की ऑफिसच्या ग्रुपवर मला एक प्रश्न हमखास येतो: "अरे, फोर बाय फोर घेऊ की ऑल व्हील ड्राइव्ह?" माझं बीटेक झालंय, पण पोट कोडिंगवर चालतं, त्यामुळे मला मेकॅनिक समजू नका. फक्त या विषयात मी एकदा चांगलाच घाबरलोय, तो किस्सा आधी ऐका.

गेल्या जुलैत आईला घेऊन ताम्हिणी घाटातून माणगावकडे उतरत होतो. गाडी बाबांची, जुनी, फोर बाय फोर. पाऊस सुरू झाला तसा मी लिव्हर ओढून फोर एचमध्ये टाकला. आईला म्हटलं, "आता चारही चाकांना ताकद आहे, काही होत नाही." आणि वेग वाढवला. पुढच्याच वळणावर रस्त्यात म्हैस. ब्रेक दाबला तर चाकं थांबली, पण गाडी सरकतच गेली. कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. माणगावपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. तिथे चहा पिताना एवढंच म्हणाली, "निघताना चारही चाकं कामाला येतात म्हणालास. थांबताना किती येतात?"

उत्तर शेवटी देतो. आधी दोन्हीतला फरक बघू.

गाडी वळते तेव्हा चारही चाकं सारखं अंतर कापत नाहीत. बाहेरच्या बाजूची चाकं जास्त चालतात, आणि पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त. डाव्या-उजव्या चाकांमधला फरक डिफरन्शिअल सांभाळतो. प्रश्न उरतो पुढच्या आणि मागच्या चाकांचा.

आपल्याकडच्या बहुतेक फोर बाय फोर गाड्या 'पार्ट टाइम' असतात. थार आणि जिमनी ही ओळखीची उदाहरणं. (थार मागच्या दोन चाकांवर चालणारीही मिळते बरं का, नाव बघून गृहीत धरू नका!) एरवी ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. तुम्ही लिव्हर टाकलात की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के बांधून टाकते. चिखलात हे उत्तम, कारण चाक थोडं घसरतं आणि ताण सुटतो. कोरड्या डांबरावर मात्र चाक घसरत नाही, ताण आतच साठतो. मी एकदा फोर एच काढायला विसरलो होतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वळवताना गाडी अशी अडखळत होती, जणू कुणीतरी मागून धरून ठेवलंय. असंच चालवत राहिलं तर टायर झिजतात आणि आतले पार्ट्सही जातात.

ऑल व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये आणखी एक डिफरन्शिअल किंवा क्लच असतो. कोणतं चाक घसरतंय हे सेन्सर बघतात आणि कॉम्प्युटर ताकद वाटतो. तुम्हाला लिव्हर टाकावा लागत नाही आणि कोरड्या रस्त्यावरही त्रास नाही. अर्धा रस्ता बर्फाचा, अर्धा डांबराचा असेल तर हीच पद्धत सोयीची. पण क्लचवाली गाडी वाळूत बराच वेळ घुरघुरवत ठेवली तर क्लच तापतो. आणि बहुतेक ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांत लो रेंज नसते. फोर एल म्हणजे वेग कमी, जोर भरपूर. खडकाळ चढाला किंवा रुतलेली गाडी बाहेर काढायला तीच लागते. ग्रँड व्हिटाराच्या ऑलग्रिप मॉडेलमध्ये ती नाही, जिमनीत आहे.

मग घ्यायची कोणती? तुमचा रस्ता बघा. शेतात, नदीपात्रात, कच्च्या चढावर वरचेवर जाणं असेल तर फोर बाय फोर. बहुतेक प्रवास डांबरी, त्यात पाऊस आणि अधूनमधून कच्चा रस्ता, तर ऑल व्हील ड्राइव्ह पुरते. आणि वर्षातून दोनदा लोणावळ्याला जाणार असाल तर साधी गाडी घ्या, पैसे वाचवा.

आता आईचा प्रश्न. थांबताना चारच चाकं कामाला येतात, आणि ती प्रत्येक गाडीत येतात. अगदी जुन्या हॅचबॅकमध्येसुद्धा! ब्रेक सगळ्या चाकांना असतात. ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक मारला की गाडी कुठे थांबणार हे टायर, ब्रेक आणि तुमचा वेग ठरवतात. बाबांच्या गाडीला एबीएस नव्हतं आणि टायर झिजलेले होते. टायरच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर उरलं, की टायर संपला. मी ते कधी वाकून बघितलंच नव्हतं. लिव्हरने मला फक्त हिंमत दिली, पकड नाही दिली.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते चारही टायर बदलायचं. तुम्ही आज खाली उतराल तेव्हा एवढंच करा, वाकून टायर बघा. कोणती गाडी घ्यायची ते नंतर ठरवू.

चला, भेटू पुढच्या भागात. घाटात सावकाश!