वीज नसलेला हिवाळा

'वीज गेली' ही तक्रार महाराष्ट्रात कानी पडते ती बहुधा वैशाखात. पंखा थांबतो, अंग घामाघूम होते, आणि माणूस उठून आधी खिडक्या सताड उघडतो. हिमालयाच्या कुशीत मात्र हेच शब्द जानेवारीच्या रात्री उच्चारले जातात आणि तेथील माणूस उठून आधी खिडक्या बंद करतो. एक क्रिया वाऱ्याला आत बोलावते, दुसरी त्याला बाहेर थोपवते. या साध्या फरकात शीत प्रदेशातील गृहव्यवस्थेचे सारे शास्त्र साठलेले आहे, आणि त्यातला सर्वांत मोठा धोकाही तेथेच दडलेला आहे.

हा विषय मराठी श्रोत्यांना दूरचा वाटण्याचे कारण नाही. आपली मुले सैन्यात आहेत, सीमेवरच्या रस्त्यांच्या कामावर आहेत, बँकांत व शिक्षणसंस्थांत आहेत. सांगली जिल्ह्यातील विटे-खानापूर भागातून सोने गाळण्याच्या व्यवसायासाठी देशभर पांगलेले आपले गलाई बांधव श्रीनगरातही स्थिरावले आहेत आणि तेथे गणेशोत्सव साजरा करतात. मी स्वतः नोकरीच्या निमित्ताने काही हिवाळे काश्मीर खोऱ्यात काढले. उष्ण प्रदेशातून आलेल्या माणसाला तेथे काय ठाऊक असावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम वीज का जाते ते पाहू. कोयनेच्या पाठीशी शिवसागर जलाशय आहे; पावसाळ्यात साठलेले पाणी तेथे हिवाळ्यातही वीज देत राहते. झेलमवरील उरी प्रकल्पासारखी केंद्रे मुख्यतः वाहत्या पाण्यावर चालतात. हिवाळ्यात पर्वतावरचे पाणी बर्फ होऊन तेथेच बसते, नदी आटते, आणि नेमक्या त्याच वेळी घरोघरी हीटर पेटून विजेची मागणी शिगेला पोहोचते. पुरवठा तळाला आणि मागणी शिखरावर, असा हा विपरीत योग आहे. त्या अतिभाराने रोहित्रे जळतात. शिवाय शून्य अंशाच्या आसपास पडणारा बर्फ ओला व जड असतो. तो तारांना चिकटतो, फांद्या मोडतो, खांब आडवे करतो. २०१९ च्या नोव्हेंबरात, झाडांची पाने अजून गळाली नसताना, अवेळी मोठा हिमपात झाला. पानांवर बर्फ साचून सफरचंदाची झाडे दुभंगली आणि खोऱ्याचा मोठा भाग अंधारात गेला. डिसेंबरच्या २१ तारखेपासून चाळीस दिवसांचा 'चिल्लाई कलान', पुढे वीस दिवसांचा 'चिल्लाई खुर्द' आणि दहा दिवसांचा 'चिल्लाई बच्चा' असा सत्तर दिवसांचा हिशेब काश्मिरी माणूस मनात धरतो. २०२१ च्या जानेवारीत श्रीनगरचा पारा उणे आठ अंशांच्याही खाली उतरला होता. अशा रात्री वीज नसणे म्हणजे केवळ दिवा नसणे नव्हे.

हे संकट केवळ आपल्याच देशाचे नाही. १९९८ च्या जानेवारीत कॅनडातील क्युबेक प्रांतात गोठणाऱ्या पावसाच्या बर्फथराने विजेचे मनोरे कोसळले, सुमारे तीस लाख लोक अंधारात गेले, आणि काही भागांत महिनाभर वीज आली नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या टेक्सास राज्यात थंडीने वीजव्यवस्था कोलमडली. शासकीय गणनेनुसार तेथे २४६ माणसे दगावली. एवढ्या संपन्न देशात असे व्हावे याचे एक कारण हे की, घर उबदार ठेवण्याचा दुसरा मार्गच अनेकांपाशी उरला नव्हता.

काश्मीरपाशी तो होता, आणि बऱ्याच अंशी आजही आहे. झेलमवरील मोहरा येथील वीजकेंद्र १९०५ मध्ये सुरू झाले. देशातील आरंभीच्या जलविद्युत केंद्रांत त्याची गणना होते. १९४७ च्या ऑक्टोबरात टोळीवाल्यांच्या आक्रमणात ते बंद पडले आणि श्रीनगर अंधारात बुडाले. परंतु त्या अंधारात चुली विझल्या नाहीत. कारण त्या काळी विजेवर दिवे अवलंबून होते, ऊब नव्हे. जुने काश्मिरी घर माती, वीट आणि लाकूड यांचे. भिंती जाड, खिडक्या लहान. सुखवस्तू घरांत आणि मशिदींत 'हमाम' असतो. त्या खोलीची जमीन दगडी फरश्यांची असते आणि त्यांच्या खाली लाकडे पेटवतात. लाकडे घालण्याचे तोंड खोलीबाहेर, धुराची वाट भिंतीतून वर. ऊब आत येते, धूर येत नाही. या रचनेकडे लक्ष द्यावे. तिचा संदर्भ पुढे येणार आहे.

आता प्रत्यक्ष तयारी. मी तेथे घर पाहावयास गेलो तेव्हा वयोवृद्ध घरमालकांनी सांगितले होते, "साहेब, खोल्या किती ते नंतर मोजा, ऊन कोणत्या खोलीत येते ते आधी पाहा." या सल्ल्यात मर्म आहे. वीज गेल्यावर सारे घर तापवण्याचा हव्यास सोडावा आणि एकच खोली निवडावी: दक्षिणेकडे खिडकी असलेली, लहान, कमी उंचीची. विश्रांती घेणाऱ्या प्रौढ माणसाच्या शरीरातून सुमारे शंभर वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते. चौघे जण एका खोलीत बसले, तर चारशे वॅटची शेगडी फुकट मिळाली असे समजावे. तेच चौघे चार खोल्यांत विखुरले, तर ती वाया गेली. दुपारी पडदे सारून ऊन आत घ्यावे आणि सूर्य कलताच जाड पडदे ओढावेत. काचांवर आतून पारदर्शक प्लॅस्टिक ताणून लावले, तर मध्ये अडकलेली हवा रजईतल्या कापसाचे काम करते. जमिनीवर सतरंजी, तीवर नमदा किंवा गालिचा घालावा. दाराच्या फटीशी जुन्या कापडाची गुंडाळी ठेवावी. अंगावर एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ लोकरी थर अधिक ऊब देतात, कारण थरांमधली स्थिर हवा हेच खरे पांघरूण. आपली आजीची गोधडी याच तत्त्वावर शिवलेली असते.

येथवर सारे बंद करण्याविषयी सांगितले. आता उघडे ठेवण्याविषयी सांगतो, आणि श्रोतेहो, आजच्या भाषणातील एकच गोष्ट ध्यानात ठेवावयाची असेल तर ती ही ठेवावी. बंद खोलीत जळणारा प्रत्येक विस्तव, मग तो कोळशाचा असो, गॅसचा असो वा रॉकेलचा, हवा पुरेशी नसली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्याला कवटाळते, आणि श्वास चालू असतानाच शरीर गुदमरू लागते. धुमसत्या निखाऱ्यांतून धूर येत नाही, म्हणून ते निर्धोक वाटतात. वास्तविक लालबुंद, निर्धूम कोळसाच अधिक फसवा. २०२० च्या जानेवारीत नेपाळमधील दामन येथे केरळातून गेलेले आठ प्रवासी गॅसच्या हीटरजवळ झोपले. खोली बंद होती. सकाळी त्यांपैकी कोणी वाचले नाही. त्यांत चार मुले होती. २०२५ च्या जानेवारीत श्रीनगरातील एका भाड्याच्या घरात आईवडील आणि तीन मुले असे पाच जण मृतावस्थेत आढळले. तेथेही गुदमरून मृत्यू आल्याचा संशय व्यक्त झाला. थंडीने माणूस कुडकुडतो आणि सावध होतो. हा वायू त्याला झोपेतच नेतो.

यासाठी नियम मोजकेच, पण ते मोडू नयेत. ज्या बुखारीला छताबाहेर जाणारे धुराडे आहे तीच खोलीत पेटवावी आणि धुराडे हिवाळ्याआधी काजळी काढून साफ करून घ्यावे. शेगडी किंवा गॅसचा हीटर जळत असेल तोवर झडप बोटभर तरी उघडी असावी, आणि झोपण्यापूर्वी तो विझवावा किंवा बाहेर काढावा. कांगडी पांघरुणात घेऊन झोपू नये; विषारी वायू आणि आग हे दोन्ही धोके तीत आहेतच, शिवाय वर्षानुवर्षे पोटा-मांड्यांशी तिची धग घेतल्याने होणारा कर्करोग एकोणिसाव्या शतकापासून वैद्यकाला ठाऊक आहे. जनरेटर ओसरीवर किंवा तळघरात लावू नये. या वायूची सूचना देणारे, बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र आता बाजारात मिळते; ते अवश्य घ्यावे. घरातील सर्वांचेच डोके एकाच वेळी दुखू लागले, मळमळू लागले, भोवळ येऊ लागली आणि बाहेर जाताच बरे वाटले, तर ते पित्त नव्हे. दारे उघडावीत, सर्वांना बाहेर न्यावे, विस्तव विझवावा आणि वैद्यकीय मदत गाठावी. हमाम बांधणाऱ्या जुन्या कारागिरांनी अग्नीचे तोंड खोलीबाहेर का ठेवले, हे येथे उमगते.

दिव्यांची गोष्ट त्यामानाने सोपी आहे. बारा व्होल्टच्या, दीडशे अँपिअर-तासांच्या बॅटरीत हिशेबाने अठराशे वॅट-तास वीज मावते. तिच्यावर हजार वॅटचा हीटर लावला, तर कागदावरसुद्धा दोन तास पुरत नाही. प्रत्यक्षात ती त्याच्याही आत दम टाकते. तीवर नऊ वॅटचे चार दिवे लावले, तर दोन रात्री सहज निभावतात. म्हणून इन्व्हर्टर प्रकाशासाठी आणि दूरध्वनीसाठी राखावा; उबेचे काम लोकरीकडे आणि भिंतींकडे सोपवावे. थंडीत बॅटरीची शक्ती घटते, तेव्हा ती उघड्या ओसरीवर ठेवू नये. आणि ती पूर्ण रिती होऊ देऊ नये, कारण रित्या बॅटरीतील पातळ झालेले आम्ल कडाक्याच्या थंडीत गोठू शकते.

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि लोखंडी नळही फोडते. उघड्यावरील नळांना पेंढा व गोणपाट गुंडाळावे. रात्री मुख्य चावी बंद करून नळ रिकामे करावेत. ते शक्य नसेल तर तोटीतून बारीक धार सोडून ठेवावी. पिण्याचे पाणी निवडलेल्या खोलीतच भरून ठेवावे. गोठलेला नळ मोकळा करताना तोटीकडून मागे जात कोमट पाण्याची फडकी लावावीत. ज्योत लावू नये. गॅसचा सिलिंडर थंडीने मंदावला तरी त्यालाही आच देऊ नये.

अन्नाची तयारी तर तेथे शरदातच सुरू होते. भोपळ्याच्या, वांग्यांच्या, टोमॅटोच्या फोडी दोऱ्यांत ओवून उन्हात वाळत घातलेल्या दिसतात. पूर्वी जम्मूचा महामार्ग बर्फाने बंद पडला की याच माळांवर घर चाले. २०२५ च्या जूनपासून कटरा-श्रीनगर रेल्वे धावू लागली, तरी शहाणी गृहिणी आठ दिवसांचे तांदूळ, डाळ, जळण आणि औषधे घरात ठेवतेच.

अखेरीस शेजाऱ्यांविषयी. शरीराचे तापमान पस्तीस अंशांखाली उतरले की विचार मंदावतात, बोलणे अडखळते आणि माणसाला मदत मागण्याचेही सुचत नाही. वृद्ध व तान्ही मुले तेथे लवकर पोहोचतात. मद्याने ऊब येते हा भ्रम आहे. त्वचेकडे रक्त धावते आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते. म्हणून वीज गेल्यावर आपली खोली लागली की, एकट्या राहणाऱ्या वृद्धाचे दार ठोठवावे आणि शक्य तर त्यांना आपल्याच खोलीत आणावे. तारा जोडणे हे शासनाचे काम, आणि बर्फात खांबावर चढून ते करणाऱ्या कामगारांचे ऋण मोठे आहे. पण तारा तुटल्यापासून जुळेपर्यंतची रात्र ज्याची त्यालाच, आणि शेजाऱ्याच्या सोबतीने, काढावी लागते. तिची तयारी आश्विनातल्या उन्हात केली, तर माघातली रात्र सुखरूप जाते.