भिंत श्वास घेत नाही



पत्रिकेत विषय छापलाय ‘प्रीफॅब घराच्या भिंतीतली ओल : कारणं आणि दुरुस्ती’. काल इथे लावणीवर व्याख्यान होतं, लोक म्हणे जिन्यात उभे होते. आज खुर्च्यांनाही जरा विश्रांती. (हशा)

जर्मनीतली सत्तरच्या दशकातली प्रीफॅब घरं तुम्हाला माहीतच आहेत, निम्म्या सभागृहाची मुलं तिकडेच राहतात. लाकडी सांगाडा, मध्ये खनिज लोकर, आतून प्लॅस्टिकचा पडदा, त्यावर चिपबोर्ड. तपशिलात शिरत नाही. खोलीत २० अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल, तर त्या हवेतली वाफ साधारण ९ अंशांवर पाणी होते. बाहेर उणे १० असताना हे ९ अंश भिंतीच्या पोटातच कुठेतरी येणार. थंडगार तांब्याला बाहेरून घाम फुटतो, भिंतीला तो आतून फुटतो. वाफ तिथवर पोचू नये म्हणून उबदार बाजूला व्हेपर बॅरिअर, म्हणजेच तो प्लॅस्टिकचा पडदा.

आता माझा हट्ट. लोक पडदा बदलायला धावतात. मी म्हणतो, आधी भोक शोधा. १९८९ साली श्टुटगार्टच्या फ्राउनहोफर संस्थेतली मोजमापं प्रसिद्ध झाली. अखंड पडद्यातून चौरस मीटरमागे दिवसाला अर्धा ग्रॅम पाणी जातं. एक मीटर लांब, एक मिलिमीटर रुंद फट पाडली, की ८०० ग्रॅम! वाफ झिरपून येत नाही हो, वाऱ्यावर बसून येते. इलेक्ट्रिशियनने स्विचबोर्डासाठी पाडलेलं भोक पुरतं तिला.

‘पण भिंतीला श्वास घेता यायला हवा ना?’ आलाच मागून आवाज. बरं झालं. ही समजूत रुजवली म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने. १८५८ सालचं त्याचं पुस्तक. खोलीच्या फटी कागद चिकटवून बुजवल्या, तरी हवा बदलतच राहिली. साहेबांनी निष्कर्ष काढला, विटांमधून येत असणार. मोठा माणूस, पण भलता हट्टी. जंतुशास्त्रज्ञ कोखने कोलकात्यात कॉलऱ्याचा जंतू पक्का केला, तरी हा म्हणे नुसत्या जंतूने काही होत नाही, जमीनही तशी लागते. १८९२ साली, वयाच्या ७३व्या वर्षी, जंतूंचं द्रावण मागवलं आणि सगळ्यांदेखत पिऊन टाकलं. पोट बिघडण्यावर निभावलं! (हशा) म्हणजे सिद्धांत खरा ठरला? छे. तसंच भिंतीचं. १९२८ मध्ये राइश नावाच्या संशोधकाने मोजून दाखवलं की गिलावा केलेल्या भिंतीतून हवा जवळपास जातच नाही, जाते ती सांध्यांतून. तरी समजूत जिवंत आहे, तिसऱ्या रांगेत बसली आहे. रागावू नका काका, तुमच्या बाजूला पेटेनकोफर आहे.

अध्यक्षांनी घड्याळ पुढे सरकवलंय. पाच मिनिटं? मग दुरुस्ती धावत सांगतो. दारात पंखा बसवून घरात ५० पास्कल दाबाचा फरक करायचा आणि ओला हात सांध्यांवरून फिरवायचा; गार झुळूक कळतेच. मग बोर्ड काढा. भिजलेली लोकर फेका, ती वाळवून परत घालू नका. लाकूड मोजा : ओल २० टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय भिंत बंद करायची नाही. स्क्रूड्रायव्हर सहज घुसला तर तेवढा तुकडा बदला. नवा पडदा हिवाळ्यात घट्ट राहणारा आणि उन्हाळ्यात सैलावणारा घ्या, म्हणजे चुकून शिरलेलं पाणी आतल्या बाजूला वाळतं. जोड दहा सेंटिमीटर एकावर एक, वर त्याच कामाची टेप. पॅकिंगची खाकी टेप नव्हे. आणि वायरी पडद्याच्या अलीकडे, वेगळ्या पोकळीत.

चिठ्ठी आलीय : ‘अलिबागला एसी लावून असंच घर बांधतोय, पडदा आतून लावू?’ मुळीच नको! तिथे दमट, उबदार बाजू बाहेरची. पडदा आतून लावलात तर पावसाळ्यात त्याच्या मागेच पाणी धरेल. कंत्राटदाराने जर्मन नकाशा जसाच्या तसा दिला असेल, तर पुढचा हप्ता आजच थांबवा.