नेव्हिलचे तीन गोल

मंडळी, आपल्या लोहाऱ्यात कुस्ती म्हटली की गर्दी. फुटबॉल मात्र थोड्यांनाच ठाऊक. म्हणून आज आम्ही एका फुटबॉलवाल्याची हकीकत सांगतो.

१९५६ साल. १ नोव्हेंबरला आपला जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. एका महिन्याने, १ डिसेंबरला, भारताचा संघ ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे ऑलिंपिकचा सामना खेळला. संघाचे गुरू हैदराबादचे, सय्यद अब्दुल रहीम. गोल मारायला पुढे मुंबईचा नेव्हिल डिसोझा. घराणे गोव्याचे, गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. समोर खुद्द ऑस्ट्रेलिया, घरच्या मैदानावर. नेव्हिलने एक नाही, दोन नाही, तीन गोल मारले! ऑलिंपिक फुटबॉलच्या एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. आपण ४-२ ने जिंकलो.

पुढची गाठ युगोस्लाव्हियाशी. तेथेही पहिला गोल नेव्हिलचाच. पण मग त्यांनी चार गोल चढवले. नंतर बल्गेरियानेही हरवले. आपला नंबर चौथा, आणि पदके तीनच! नेव्हिलचे गोल झाले चार. साऱ्या स्पर्धेत त्याहून जास्त कोणाचेच नव्हते.

१९८० साली तो वारला. मुंबईतही आता त्याचे नाव फार कोणाला सांगता येत नाही. आम्ही ते फळ्यावर लिहिले आहे. ‘व्हि’ जरा अवघड आहे. वाचा बरे: ने-व्हि-ल.